कार्टूनमधल्या जाहिराती आणि जिल्हाधिकारी

महोदय,

सुट्ट्या लागल्या की नागपुरात दुपारी मुलांना बाहेर सोडायची सोय नसते. कूलर लावून ती टीव्हीपुढे बसतात. नियमाने तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात. म्हणजे तीन-चार तास कार्टून पाहणारं मूल अर्धा-पाऊण तास निव्वळ जाहिरातीच पाहतं. सात-आठ वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना समोरचा आपल्याला काही विकतो आहे, हे नीट उमगत नाही. मुलाच्या खिशात पैसे नाहीत हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं. तिला हवा असतो त्याचा हट्ट. पाच-दहा रुपयांच्या पुड्यात स्टिकर नाहीतर खेळणं घालतात ते त्याचसाठी, आणि किराणा दुकानात त्या पुड्यांच्या माळा लेकरांच्या हाताला लागतील अशाच टांगलेल्या असतात. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागतात त्या शहरातली पोरं संत्र्याच्या चवीची पावडर मागतात, आणि आपण आणूनही देतो!

‘आईबापांनी लक्ष द्यावं’ हे उत्तर मला पटत नाही. दोघं कामावर गेल्यावर घरात उरते आजी. तिने एकटीने कोणाकोणाशी झुंजायचं?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. चिप्स, शीतपेये आणि तत्सम जंक फूडची जाहिरात मुलांच्या वाहिनीवर किंवा मुलांच्या कार्यक्रमात करायची नाही, मुलांना थेट ‘घ्या’ किंवा ‘आईला घ्यायला लावा’ म्हणायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. पण मुलं फक्त मुलांच्याच वाहिन्या पाहतात का? संध्याकाळी क्रिकेटचा सामना आणि मालिका सगळं घर मिळून पाहतं, आणि तिथे ही बंदी लागू नाही. शिवाय क्रीमची बिस्किटं, चॉकलेटं ‘तत्सम’मध्ये धरायची की नाही, यावर वकिलांना वाद घालायला भरपूर जागा आहे. स्वीडनने असा घोळ ठेवला नाही. तिथे १२ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरातच करता येत नाही.

आपल्याकडे तसा कायदा येईल तेव्हा येवो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या तक्रारींची चौकशी जिल्हाधिकारी करू शकतात, हे किती पालकांना माहीत आहे? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही शाळांच्या सूचनाफलकावर मला कधी दिसला नाही. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हाधिकारी कार्यालयाने शाळा सुरू होण्याआधी एवढं सांगणारं परिपत्रक तरी काढावं, आणि आलेल्या तक्रारींचं पुढे काय झालं तेही आपल्या दैनिकातून कळावं, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर, नागपूर