बेरजेत हरवलेला प्रोसेसर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गळीत हंगाम सुरू झाला की ‘संगणक अडला, म्हणून काट्यावर रांग लागली’ अशी तक्रार कुठे ना कुठे ऐकू येते आणि त्यावर ‘सर्व्हर जुना झाला, नवा घ्या’ हे ठरलेले उत्तर मिळते. कोल्हापूर परिसरातील संस्थांच्या लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरची देखभाल करताना या उत्तराचा मला आलेला अनुभव संचालक मंडळांपर्यंत पोहोचावा, म्हणून हे पत्र.

गेल्या हंगामात एका कारखान्यात उसाचा ट्रॅक्टर काट्यावर उभा राहिल्यानंतर वजनाची पावती छापून यायला दोन-दोन मिनिटे लागत होती. काटा रेंगाळला की शेतकऱ्याचा संशय आधी काट्यावरच जातो, तो ताप वेगळाच. पुरवठादाराच्या माणसाने पडद्यावरचा आकडा दाखवला : प्रोसेसरचा वापर १३ टक्के. त्यावरून प्रोसेसर निवांत आहे, तेव्हा मेमरी आणि डिस्क बदला, असा सल्ला त्याने दिला. आकडा खोटा नव्हता. पण त्या यंत्रात प्रोसेसर आठ होते आणि शंभराला आठाने भागले की साडेबारा येतात. प्रोसेसरचा वापर दाखवणारा ‘टॉप’ हा प्रोग्रॅम चालू करून १ ही कळ दाबताच एका ओळीच्या जागी आठ ओळी उलगडल्या. सात जवळपास रिकाम्या, आणि शून्य क्रमांकाचा प्रोसेसर काठोकाठ भरलेला! त्याचा सगळा वेळ ‘एसआय’ म्हणजे सॉफ्टइंटरप्टच्या रकान्यात गेला होता आणि खालच्या यादीत सर्वांत वर ‘केसॉफ्टआयआरक्यूडी/०’ हे नाव होते.

हे नाव कुठल्याही हिशेबाच्या प्रोग्रॅमचे नाही. नेटवर्क कार्डावर डेटा आला की कार्ड एखाद्या प्रोसेसरला हाक मारते; या हाकेला इंटरप्ट म्हणतात. तो प्रोसेसर हातातले काम थांबवून अगदी जरुरीपुरते उरकतो आणि उरलेले काम सॉफ्टइंटरप्ट म्हणून किंचित पुढे ढकलतो. हे ढकललेले काम एका दमात २ मिलिसेकंद किंवा १० फेऱ्यांच्या पलीकडे जाऊ लागले, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ते त्याच प्रोसेसरच्या ‘केसॉफ्टआयआरक्यूडी’कडे सोपवतो. तिरक्या रेघेपुढचा आकडा हा प्रोसेसरचा क्रमांक होय. ‘प्रोक’ या निर्देशिकेत ‘सॉफ्टआयआरक्यूज’ नावाची साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात कामाच्या दहा प्रकारांच्या दहा ओळी आणि प्रत्येक प्रोसेसरला एक रकाना. दहा सेकंदांच्या अंतराने ती दोनदा छापून कागद शेजारी शेजारी ठेवले, तर ‘नेट-आरएक्स’च्या, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या डेटाच्या, ओळीत फक्त शून्याचा रकाना उड्या मारत होता. म्हणजे कुठून तरी डेटाचा लोंढा येत होता. शोधत गेलो, तर काट्याच्या खोलीतल्या स्विचमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडण्याच्या पेटीत, एकाच वायरीची दोन्ही टोके खोचलेली, त्यामुळे तोच डेटा गोल गोल फिरत राहिलेला; साफसफाई करताना लोंबणारे टोक कोणी तरी ‘जागेवर’ बसवले असावे. ते उपसले आणि पावत्या पूर्ववत येऊ लागल्या. नव्या सर्व्हरचे दरपत्रक मात्र तोवर येऊन पडले होते.

पावसाळ्यात आपले दैनिक राधानगरी धरणाच्या सातही स्वयंचलित दरवाजांपैकी कोणता उघडला, हे क्रमांकानिशी छापते आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी फुटाइंचांत देते. जिल्ह्यातल्या सगळ्या बंधाऱ्यांची सरासरी काढून ‘पाणी बेताचे आहे’ असे सांगितले, तर ३९ फुटांच्या इशारा पातळीचा आणि ४३ फुटांच्या धोका पातळीचा उपयोग काय? संगणकाबाबत मात्र आपण सरासरीवर समाधानी असतो.

कर्नलकडेही थोडे बोट दाखवावे लागेल. इंटरप्ट आणि सॉफ्टइंटरप्ट प्रोसेसरवार उघड दिसतात. पार्श्वभूमीतल्या कामाचा तिसरा मोठा प्रकार, म्हणजे वर्कक्यू (मागे ठेवलेल्या कामांची रांग), तितका उघडा नाही. तिची कामे ‘केवर्कर’ नावाचे कर्नलचे कामकरी करतात. ‘केवर्कर/३:१’ या नावावरून ३ क्रमांकाचा प्रोसेसर कळे, पण काम कोणाचे ते कळत नसे. कर्नलच्या २०१८ च्या ४.१८ आवृत्तीपासून नावापुढे वर्कक्यूचे नाव दिसू लागले. २०२३ च्या ६.५ आवृत्तीत कामांची मोजदाद आणि ती दाखवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, आली. पण प्रोसेसरला बांधलेल्या वर्कक्यूचे आकडे आत प्रोसेसरवार ठेवलेले असूनही ती स्क्रिप्ट ते दाखवताना त्यांची बेरीज करते. आकडे वेगळे ठेवायचे आणि दाखवताना एकत्र कालवायचे, हे मला पटत नाही. प्रत्येक प्रोसेसरने आपापला आकडा वाढवायला फारसा खर्च येत नाही. खर्च येतो तो वाचताना, आणि वाचणारा दिवसातून चार वेळा वाचणार. अशा आकड्यांच्या चढउतारावरून दुसऱ्याच्या कळा दाबण्याच्या वेळांचा अंदाज बांधता येऊ शकतो, हा सुरक्षेचा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी वाचण्याचा अधिकार फक्त व्यवस्थापकाला ठेवावा.

संचालकांना विनंती एवढीच की, सर्व्हरच्या देखभालीच्या करारात मासिक अहवालाचे एक कलम घालावे आणि त्या अहवालात प्रत्येक प्रोसेसरचा वापर, इंटरप्ट व सॉफ्टइंटरप्ट यांसह, स्वतंत्र ओळीत मागावा. नव्या खरेदीचा प्रस्ताव बैठकीपुढे येईल, तेव्हा तो कागद सोबत जोडलेला असावा.

आपला,
एक संगणक देखभाल अभियंता,
राजारामपुरी, कोल्हापूर