तुटलेलं गाणं आणि तुझी एक ओळ

प्रिय बाळा,

हे फोनवर बोलले असते. पण फोनवर तू नुसतं 'हो आई, हो आई' करतोस आणि मी मुद्द्यावर येईपर्यंत तुझी मीटिंग सुरू होते. म्हणून लिहितेय.

सोमवारी मामानं घरच्या ग्रुपवर बातमी टाकली. पॉल डिआनो गेला. आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडचा माजी गायक, वय ६६, इंग्लंडात सॉल्झबरीला, राहत्या घरी. मामानं एवढंच टाकलं, स्वतःचा एक शब्दही नाही. त्याच्याखाली तुझी ओळ आली : 'पाठीचं सोंग करून सरकारला फसवलं, शेवटी खरंच व्हीलचेअरवर बसला. कर्म!' पुढे हसून हसून रडणारे तीन चेहरे. मग तुझ्या मावसभावांचेही चेहरे आले. मामा गप्प.

तू लिहिलंस ते खोटं नाही, हे आधीच सांगते. पाठीतल्या नसांना इजा झाली आहे, काम होत नाही, असं सांगून तो सरकारी भत्ता घेत होता आणि त्याच काळात कार्यक्रमही करत होता. रक्कम ४५ हजार पौंडांच्या वर गेली होती. २०११ मध्ये त्याला नऊ महिन्यांची शिक्षा झाली. पुढे तब्येत इतकी ढासळली, की शेवटची काही वर्षं तो खुर्चीत बसूनच गायला. म्हणजे तुझ्या विनोदाचा कच्चा माल अस्सल होता. माझं भांडण त्याच्याशी नाहीच.

तुला मामाची कॅसेट माहीत नाही. मामा कॉलेजात असताना त्याच्या मित्राकडे 'किलर्स' होता, १९८१ चा. डिआनोनं मेडनबरोबर दोनच अल्बम केले, १९८० चा पहिला आणि हा. मामानं तो साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरून आणला. अल्बम ३८ मिनिटांचा, कॅसेटची एक बाजू ३० ची, आणि दुसऱ्या बाजूला आमच्या आईची भजनं. ती पुसायची मामाची काय हिंमत! त्यामुळे आठवं गाणं, 'प्रॉडिगल सन', म्हणजे घर सोडून गेलेला उधळ्या मुलगा, शेवटाकडे येता येता खट्कन तुटायचं. अल्बममधलं तेवढंच एक संथ गाणं, म्हणून मला ते आवडायचं. ते तिथेच संपतं असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. मला वाटायचं, काय धाडसी शेवट केलाय! कॅसेटवर मामानं बॉलपेननं इंग्रजीत नाव लिहिलं होतं. त्यात एकच 'एल' होता. ते नाव त्यानं कधी दुरुस्त केलं नाही, कारण माझ्यासमोर चूक कबूल करावी लागली असती.

डिआनोचा आवाज लोक म्हणतात तसा थोर वगैरे नव्हता. त्याच्यानंतर आलेल्या ब्रूस डिकिन्सनचा गळा जिथे चढतो तिथे याचा पोचलाच नसता. पण खरखरीत होता, रस्त्यावर भांडणाऱ्या पोरासारखा. केसही आखूड, बाकी सगळे केस वाढवून बसलेले असताना. दारू आणि कोकेनपायी आपण तेव्हा हाताबाहेर गेलो होतो, हे त्यानं स्वतःच पुढे कबूल केलं. १९८१ मध्ये बँडनं त्याला काढलं तेव्हा तो २३ वर्षांचा होता. तिथून पुढची ४३ वर्षं तो 'माजी'. विचार कर, तुझ्या आत्ताच्या वयाच्या आधीच माणूस माजी झाला. नंतर त्यानं किती बँड काढले, किती देश पालथे घातले. २०२३ पासून तर खुर्चीत बसून शंभराच्या वर कार्यक्रम केले. तरी मेल्यावर नावामागे शब्द लागला तोच.

या आठवड्यात मी लोकांचं बरंच वाचलं. झोप येत नव्हती म्हण. एकीकडे मेल्या म्हशीला मणभर दूध. जिवंतपणी ज्यांनी त्याच्या एका कार्यक्रमाचं तिकीट काढलं नसेल, ते 'युगाचा अंत' म्हणत होते. दुसरीकडे तुझ्यासारखे, तुरुंगाची आठवण करून देणारे. आणि तिसरे सगळ्यांत गमतीशीर. बातमी कळून तास झाला नाही तोच 'खरा मेडन डिआनोचाच' आणि 'ब्रूस आला म्हणून बँड तरला' असा जुना वाद काढून बसलेले. प्रेत अजून घरात आणि यांची भाऊबंदकी सुरू.

आता माझंही सांगते. मीही एका ठिकाणी लिहून आले, 'पहिला तो पहिलाच.' चार लोकांनी माना डोलावल्या, मला बरं वाटलं, आणि मग लक्षात आलं की त्यात त्या माणसाबद्दल काहीच नव्हतं. मी किती जुनी श्रोती आहे एवढंच त्यात होतं. पुसून टाकलं.

मला लागलं ते एकाच माणसाचं लिहिणं. बँडचा संस्थापक स्टीव्ह हॅरिस, ज्याच्या बँडनं त्याला घालवलं. बँडच्या निवेदनात डिआनोनं सुरुवातीला केलेल्या कामाचं ऋण मानलेलं आहेच, ते रीतीप्रमाणे. पण हॅरिसनं स्वतःच्या नावानं लिहिलं, की अगदी परवापर्यंत आमचं मेसेजवर बोलणं चालू होतं, वेस्ट हॅमच्या चढउतारांबद्दल. वेस्ट हॅम म्हणजे लंडनचा फुटबॉल क्लब. दोघंही त्याच भागातले, दोघंही त्या क्लबचे भक्त. मध्ये कितीतरी वर्षं भेट नव्हती, २०२२ मध्ये क्रोएशियात झाग्रेबला दोघं भेटले. इतकं सगळं होऊन शेवटी बोलायला उरलं काय, तर आपला क्लब या वेळी कसा खेळतोय. मी ते वाचलं आणि चहा तसाच गार झाला.

तू म्हणशील, म्हणजे मेलेल्या माणसाबद्दल गोडच बोलायचं का? नाही रे. २०१५ ची एक गोष्ट सांगते. स्टोन टेंपल पायलट्स या अमेरिकन रॉक बँडचा माजी गायक स्कॉट वेलँड ३ डिसेंबरला अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, दौऱ्याच्या बसमध्ये मेलेला सापडला. ४८ वर्षांचा. २०१३ मध्ये त्याला काढून टाकून त्याच्यावर खटला भरणाऱ्या बँडनंही त्याच्या नावे हळवं पत्र लिहिलं. सगळीकडे हळहळ. आणि चार दिवसांनी त्याच्या दोन मुलांच्या आईचं, मेरी फॉर्सबर्गचं, पत्र छापून आलं. तिनं लिहिलं, तो काही ३ डिसेंबरला गेला नाही, ती तारीख लोकांच्या शोकासाठी आहे. मुलांचा बाप केव्हाच हरवला होता. या मरणाचं कौतुक करू नका. त्याच्या जन्म-मृत्यूच्या सालांचा टीशर्ट घेण्यापेक्षा त्या पैशांत एखाद्या पोराला मॅच दाखवा, आइस्क्रीम खायला न्या.

तुझ्या ओळीपेक्षा हे कितीतरी कडू आहे. तरी ते वाचताना मला तिचा राग आला नाही, आणि तुझी ओळ वाचून आला. का, यावर मी दोन रात्री घालवल्या. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे एक झालंच. तिनं त्या माणसाची किंमत मोजली होती, मुलांनी मोजली होती. तिच्या कडूपणाला हिशेब होता. तुझं डिआनोनं काय घेतलं होतं? तुझे ४५ हजार पौंड नव्हते. तुला एक चटपटीत वाक्य सुचलं आणि ते वाया जाऊ नये असं वाटलं. सुचलेलं वाक्य गिळणं अवघड असतं, मला ठाऊक आहे. ते तू माझ्याकडूनच घेतलं आहेस.

आणि तू ते लिहिलंस मामाच्या बातमीखाली. बुधवारी रात्री त्यानं मला एकटीला फोटो पाठवला. कॅसेटचा. एक 'एल'वाला. खाली लिहिलं होतं, 'अजून वाजते. मध्येच तुटते.' तुझ्याबद्दल चकार शब्द नाही.

ग्रुपवर माफी-बिफी मागू नकोस, तो कानकोंडा होईल. रविवारी त्याला फोन कर. डिआनोचा विषय नाही काढलास तरी चालेल. हल्ली त्याला बुद्धिबळाचं वेड लागलंय, मोबाइलवर अनोळखी पोरांकडून हरतो आणि चिडतो. कुठली चाल चुकली ते विचार. अर्धा तास हाताशी ठेव.

तुझी,
आई

ता. क. 'प्रॉडिगल सन' काल पूर्ण ऐकलं. तुटतं त्याच्या पुढे फारसं काही नाही. तरी त्या जागी आल्यावर हात आपोआप बटणाकडे गेला.