सळयांचा नाद

जालना,
१४ जानेवारी

प्रिय दत्ता,

तिळगूळ घे. पण गोड बोलण्याआधी थोडं भांडायचंय.

दिवाळीत तू म्हणालास, "ज्यात सा सापडत नाही, ते संगीत कसलं?" विषय हॅरी बर्टोयाच्या शिल्पांचा होता. इटलीत १९१५ साली जन्मलेला, अमेरिकेत नाव कमावलेला शिल्पकार. धातूच्या पाट्यावर ओळीनं सळया रोवायच्या, हातानं झुलवायच्या आणि त्यांनी एकमेकींवर आपटून वाजायचं. पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या कोठारात त्यानं अशी कितीतरी शिल्पं मांडली, स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केली.

तसंच एक मी वर्कशॉपमध्ये केलंय. जाड पितळी पट्टीत ड्रिलनं भोकं पाडून स्प्रिंग स्टीलच्या सळया घट्ट ठोकल्या. वेल्डिंग मुद्दाम टाळलं, त्या उष्णतेनं बुडाचा टणकपणा जातो. बर्टोया बेरिलियम तांबंही वापरायचा, पण त्याची धूळ फुप्फुसांना घातक, म्हणून त्या वाटेला गेलोच नाही.

आता ऐक. तंबोऱ्याची तार निम्मी धरली की वरचा सा लागतो. एका टोकाला रोवलेली सळई निम्मी केली तर कंपनं चौपट होतात, म्हणजे थेट दोन सप्तकं वर! शिवाय तिचा पहिला उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबतच उमटणारा वरचा स्वर, मूळ स्वराच्या सुमारे ६.२७ पट. तारेसारखा दुप्पट नाही, तिप्पट नाही, मग कानाला सा सापडणार कसा? पण टाळाचं तरी वेगळं काय रे? एकादशीला टाळ वाजवताना त्यातला सा कधी शोधलास? आणि टाळाशिवाय अभंग रंगतो का?

रांग जरा ओढून सोडली की रब्बीच्या ज्वारीसारखी डोलते. आधी टोकांची खणखण, ती ओसरली की खालून घुमारा उठतो. एकाच मापाच्या दोन सळयाही केसभर वेगळ्या वाजतात, त्यामुळे नाद लाटेसारखा चढतो, उतरतो. पट्टीवर तळहात ठेवला तर तो हाताला कळतो. मला हे लई आवडतं, दत्ता. इथं गाणारा नाही, बंदिश नाही, तरी हलावंसं वाटत नाही.

आता मोठं करायचंय, गावच्या शाळेच्या आवारात, पोरांना हात लावता येईल असं. टोकं घासून गोल करीन, डोळ्यांच्या उंचीला एकही सळई येऊ देणार नाही. लांब कुठं, आखूड कुठं, हे मात्र तुझ्या कानानं ठरवू. रविवारी परभणीहून सकाळच्या गाडीनं निघ. टाळ विसरू नकोस, दोन्ही शेजारी वाजवून बघायचेत. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू