ओट्सच्या तपासणीसाठी वर्गणी हवी आहे

नौपाड्यातल्या आमच्या ग्राहक गटाच्या मागच्या बैठकीला एक काकू ओट्सचं पाकीट आणि भिंग घेऊन आल्या. साखर वाढल्यापासून त्यांचे पोहे बंद, सकाळी वाटीभर ओट्स. पाकिटाच्या घडीत दडलेली ‘आयात केलेले’ ही ओळ त्यांनी भिंगाखाली सगळ्यांना दाखवली. “तिकडे पीक वाळवायला तणनाशक मारतात म्हणे. ते ह्यात उतरतं का?” कोणालाच सांगता येईना. म्हणून हे आवाहन.

काकूंनी ऐकलं ते खोटं नाही. कॅनडासारख्या थंड देशात कापणीआधी उभं पीक एकसारखं वाळावं म्हणून ग्लायफोसेट नावाचं तणनाशक फवारतात. आपल्याकडे गावी बांधावर मारतात, तेच. अमेरिकेतल्या एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेने 2018 मध्ये सेंद्रिय नसलेल्या ओट्सच्या पदार्थांचे 45 नमुने तपासले, तेव्हा 43 मध्ये त्याचा अंश निघाला. आता अंश निघाला म्हणजे विष खाल्लं असं नव्हे, आणि खरी गोम इथेच आहे. अमेरिकेत ओट्ससाठी कायद्याची मर्यादा किलोमागे 30 मिलिग्रॅम. त्या संस्थेने स्वतः ठरवलेली 0.16. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याला ते मान्य नाही. हा वाद ठाण्यात बसून आम्ही मिटवणार नाही. इथल्या दुकानातल्या पाकिटात नेमकं किती आहे, एवढंच बघायचंय.

कीटकनाशकांची जी नेहमीची एकत्रित चाचणी असते, तिच्यात ग्लायफोसेट सापडतच नाही. ते पाण्यात चटकन विरघळणारं, त्याची पद्धतच निराळी. ती चाचणी वेगळी सांगावी लागते आणि पैसेही वेगळे. मान्यताप्राप्त प्रयोगशाळांच्या दरपत्रकांवरून नमुन्यामागे 4,500 रुपये धरलेत. 12 नमुन्यांचे 54,000, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 63,720.

बारात ओट्स, म्युस्ली, गव्हाचे फ्लेक्स, कॉर्नफ्लेक्स असतील, आणि तुलनेसाठी पोहे नि नाचणीचं पीठ. प्रयोगशाळेला ब्रँड कळणार नाही, पिशवीवर फक्त आकडा. एकाच पाकिटातला माल दोन आकड्यांखाली पाठवू, म्हणजे प्रयोगशाळेचीही परीक्षा होईल. त्याच बॅचचं एक बंद पाकीट आमच्या कपाटात राहील. उद्या कंपनीने हात वर केले तर लागेल.

तृणधान्याच्या कंपन्यांकडून पैसे घेणार नाही. सेंद्रिय माल विकणाऱ्यांकडूनही नाही (हे ऐकून दोघे रागावले, इलाज नाही). अहवाल जसा येईल तसा, काहीच न सापडलेल्या नमुन्यांसकट, सगळ्यांसमोर ठेवू. एका बॅचच्या निकालावरून अख्ख्या कंपनीला नावं ठेवणार नाही.

वर्गणी 100 रुपयांपासून, पावती मिळेल. एका घरातून 2,000 च्या वर नको. पैशांइतकीच माणसंही हवीत: वागळे इस्टेट, घोडबंदर आणि वाशीतल्या दुकानांतून पाकीट घेऊन बिल जपून ठेवणारी, बॅच क्रमांक नि तारखेचा फोटो काढणारी. पाकीट फोडायचं नाही, ‘बघू कसं लागतं’ म्हणूनसुद्धा. कोणी रसायनशास्त्रातले निवृत्त प्राध्यापक असतील तर अहवाल वाचायला जरूर यावं. बैठक दर रविवारी सकाळी दहाला असते. नाश्त्याला पोहे.