सूट कोणाच्या वाट्यातून?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जखमी जवानांच्या मदतीसाठी दादरच्या एका सभागृहात विक्री-प्रदर्शन भरलं होतं. मी गेलो तो शेवटचा दिवस होता. दाराशीच पाटी लावलेली, 'आज सर्व वस्तूंवर ५० टक्के सूट'. आत टी-शर्ट, टोप्या, कापडी पिशव्या, कॉफीचे मग, किल्ल्यांच्या कीचेन. नातवंडांसाठी आणि माझ्यासाठी मिळून मी पाच टी-शर्ट घेतले. छापील किंमत ६००, माझ्याकडून घेतले ३००. पाचांचे १५०० झाले. जवानांसाठी काहीतरी केलं या समाधानात मी घरी आलो.

रात्री घडी उलगडली तेव्हा हाताला धंदा आठवला. प्रभादेवीत मी ३४ वर्षं स्क्रीन प्रिंटिंग केलं. शाळांचे खेळाचे टी-शर्ट, गणेशोत्सव मंडळं, गोविंदा पथकं, सगळ्यांचं काम केलं. कापड चिमटीत धरलं की माल कळतो. हा सुती, १८० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचा), बायोवॉश करून लव काढलेला, बहुधा तमिळनाडूतल्या तिरुपूरचा. पुढे तीन रंग, पाठीवर एक. माझ्या हिशेबानं कोरा पीस २२० रुपये, छपाई ४५, लेबल, पिशवी आणि वाहतूक १५. एकूण २८०. म्हणजे ६०० ला विकला तर जवानांसाठी ३२० उरतात. ३०० ला विकला तर २०.

मी हा हिशेब दोनदा केला. तिरुपूरच्या कारखानदारानं आपले पैसे आधीच घेतले, छापणाऱ्यानं घेतले, टेम्पोवाल्यानं घेतले. सूट त्यांच्या कोणाच्याच वाट्यातून गेलेली नाही. माझे जे १५०० रुपये वाचले, ते सगळेच्या सगळे जवानांच्या वाट्यातले होते. पाच टी-शर्टांमागे त्यांना १६०० मिळायचे, ते माझ्यामुळे १०० मिळाले. त्यातून सभागृहाचं भाडं गेलं असेल तर तेही नाहीत.

हे मला एवढं का लागलं, तर माझे मामा. १९७१ च्या लढाईत पश्चिम सीमेवर सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात त्यांना पाय बसवला. हे केंद्र १९४४ पासून आहे, लष्करातल्या कितीतरी जणांना त्यानं पुन्हा उभं केलं आहे. पण लोकांना वाटतं पाय एकदा बसवला की काम झालं. तसं नसतं. तुटलेल्या पायाचा उरलेला भाग वर्षागणिक बारीक होतो, कृत्रिम पायाचा त्यावर बसणारा साचा सैल पडतो, मग आत एकावर एक मोजे चढवायचे. मुंबईच्या जून-जुलैत घामानं आतली कातडी सोलवटायची. मामा दादरला जिना चढून आले की आधी खुर्चीत बसून पाय काढून ठेवायचे आणि आई न बोलता कोमट पाणी आणून द्यायची. दर काही वर्षांनी नवीन माप, नवा पाय, पुण्याची फेरी. वयाच्या सत्तरीपर्यंत हे चाललं.

मामा निदान चालत होते. पुण्याजवळ खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये कण्याला मार लागलेले जवान राहतात, १९७४ पासून. मामांच्या ओळखीचे एक जण तिथे होते, म्हणून मी दोनदा गेलो. कमरेखाली जाणीवच नाही, त्यामुळे एकाच स्थितीत जास्त वेळ राहिलं तर दाबानं कातडीला जखम होते आणि ती कळतही नाही. गादी वेगळी लागते, व्हीलचेअरवरची उशी वेगळी लागते, लघवीच्या नळीमुळे होणारा जंतुसंसर्ग पाठ सोडत नाही. हे सगळं जन्मभर. युद्ध संपलं तरी हा खर्च संपत नाही. सरकार पेन्शन देतं, उपचार देतं, तरीही समाजाच्या पैशाला तिथे काम आहे.

त्याच प्रदर्शनात एका टेबलावर जवानांनी स्वतः केलेल्या वस्तू होत्या. पणत्या, हातानं रंगवलेली भेटकार्डं. पाटी बघून तिथेही लोक निम्म्या भावात मागत होते आणि एक बाई त्याहून कमी करायला सांगत होत्या. टी-शर्टची सूट निधीतून जाते, इथे तर ती थेट मजुरीतून जाते. खडकीच्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटची सुरुवात १९१७ मध्ये मुंबईतच झाली, पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या शिपायांना हातात धंदा देण्यासाठी. शिपायानं आपल्या कष्टाचं खावं हा विचार या शहराला शंभर वर्षांपासून माहीत आहे. त्या कष्टाचा भाव आपण पाडायचा?

आयोजकांना मी दोष देत नाही. तिथली मुलं कॉलेजची होती, दिवसभर उभी होती. उरलेला माल गोदामात पडून राहण्यापेक्षा स्वस्तात गेलेला बरा, हे मीही धंद्यात केलं आहे. वर्षाचं कॅलेंडर फेब्रुवारीत मिळेल त्या भावाला द्यावंच लागतं. पण टी-शर्ट नासत नाही. पुढच्या प्रदर्शनात पूर्ण किमतीला जातो.

माझं मागणं साधं आहे. प्रत्येक वस्तूवर किमतीच्या खाली लिहा, यातले इतके रुपये जवानांसाठी. सूट द्यायचीच असेल तर सवलतीनंतरचा आकडाही लिहा. ६०० च्या खाली ३२० आणि ३०० च्या खाली २० असं दिसलं असतं तर मी पूर्ण किंमत दिली असती, आणि माझ्यासारख्या अनेकांनी दिली असती. शेजारी देणगीची पेटी ठेवा. आणि पावतीबद्दल नीट सांगा. एक गृहस्थ टी-शर्टच्या बिलावर ८०जीची, म्हणजे देणगीवर मिळणारी आयकराची सवलत मागत होते आणि स्वयंसेवक हो म्हणत होता. खरेदी म्हणजे देणगी नव्हे. ती सवलत सशस्त्र सेना ध्वजदिन निधीला दिलेल्या देणगीवर मिळते, कपड्यावर नाही.

मी माझे वाचलेले १५०० ध्वजदिन निधीला पाठवले. लाल, गडद निळा आणि फिकट निळा, तिन्ही दलांचे रंग असलेला तो कागदी झेंडा शाळेत बाई खिशावर टाचणीनं लावायच्या. १९४९ पासून ७ डिसेंबरला हा दिवस पाळतात.

तो दिवस जवळ आला की शहरात अशी प्रदर्शनं पुन्हा लागतील. ज्या संस्थेला किमतीखाली जवानांचा वाटा दाखवणाऱ्या पाट्या हव्या असतील, तिला त्या मी फुकट छापून देईन. माझ्या फ्रेमा आणि शाई ओढायच्या रबरी पट्ट्या, म्हणजे स्क्वीजी, अजून माळ्यावर आहेत, शाई तेवढी नवी आणावी लागेल.

आपला,
एक निवृत्त स्क्रीन प्रिंटर,
प्रभादेवी, मुंबई