यंदा दिवाळीला येत नाही

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि मग मीही, म्हणून लिहितेय. यंदा दिवाळीला मला येता येणार नाही. मी कॉलेजात नाव घातलंय. सॅक्रामेंटो सिटी कॉलेजचं डेव्हिसमधलं केंद्र. फी भरली, वर्गही सुरू झाले. मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय.

बाबा आधी पैशांचं विचारतील. मागच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं, त्यामुळे मला इथल्या रहिवाशांची फी लागते, एका युनिटला 46 डॉलर. रसायनशास्त्राचा पाच युनिटचा विषय 230 डॉलरमध्ये होतो. पहिली दोन वर्षं इथे, मग यूसी डेव्हिस विद्यापीठात जाऊन पशुविज्ञानाची पदवी, आणि त्यानंतर पशुवैद्यकीयची चार वर्षं. मार्क चांगले ठेवले तर पदवीच्या प्रवेशाची हमी आधीच घेता येते. शेवटच्या चार वर्षांची हमी मात्र कुणी देत नाही, तिथे फार चुरस आहे. तुमच्यापासून लपवत नाही.

शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात का नाही, असं म्हणाल. बाबा, तिथे बारावीला बायलॉजी लागते आणि वर नीटची परीक्षा. मी कॉमर्स घेतलं होतं. सायन्स तालुक्याला, आणि परतीची एसटी अंधार पडल्यावर. तुम्हाला माझी काळजी होती. हट्ट तर मीही धरला नाही. हे मनाला लावून घेऊ नका, खरंच.

सकाळी एका प्राण्यांच्या दवाखान्यात पिंजरे धुते. आई, नाक मुरडू नकोस, हे तास पुढे अर्जात धरतात. परवा एका म्हाताऱ्या कुत्र्याला सलाईन लावताना मी त्याचं डोकं धरून होते. कान गार पडले होते. आपल्या कपिला गाईचे असेच लागले होते हाताला, त्या रात्री. तुम्ही जवसाचं तेल पाजत होतात, "बॅटरी हलवू नको" म्हणत होतात, आणि माझा हात थरथरत होता. डॉक्टर आले तेव्हा उजाडलं होतं. परवा हात थरथरला नाही, बाबा.

खाण्यापिण्याचे हाल नाहीत. हे भाजी करतात, पोळ्या मी रविवारीच करून फ्रीजरला टाकते. तुझी गोधडी अंगावर असते, आई. अजून तिला घरचा वास येतो.

आता ऐका. आईने मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतरवर ढकलायचं नाही. मी येत नाही म्हणून तर मुळीच नाही. बाबांनी तीन महिन्यांची साखर तपासून रिपोर्ट दादाकडून मला पाठवायचा. आणि रात्री एकट्याने गोठ्यात जायचं नाही, फरशी ओली असते, गुडघा कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे.

डिसेंबरात परीक्षा संपली की येते, तीन आठवडे. तोवर तांबडी व्यालेली असेल. अडली तर तुम्ही हात घालू नका, डॉक्टरांना लगेच बोलवा. वासराचं नाव तेवढं मी येईपर्यंत ठेवू नका.

तुमची,
ताई