पार्श्वसंगीताचेही अल्बम काढा

महोदय,

मी परळचा. गणेशोत्सवातले ऑर्केस्ट्रा, लग्नाच्या वराती, मधूनमधून स्टुडिओतलं रेकॉर्डिंग, असं ट्रम्पेट वाजवण्यात माझं आयुष्य गेलं. सध्या एका जपानी अॅनिमेशन मालिकेच्या जॅझ वळणाच्या पार्श्वसंगीताच्या अल्बमनं मला झपाटलं आहे, आणि त्या निमित्तानं मराठी चित्रपट-मालिकांच्या निर्मात्यांकडे एक मागणी करायची आहे.

‘काउबॉय बीबॉप’ ही १९९८ सालची, २६ भागांची मालिका. २०७१ साली अंतराळात फरारी गुन्हेगार पकडून बक्षिसाच्या पैशांवर जगणाऱ्या मंडळींची ही गोष्ट. संगीतकार योको कान्नो, त्यांच्या बँडचं नाव ‘सीटबेल्ट्स’. माझ्या भाचीनं फोनवर पहिला अल्बम लावून दिला, तेव्हा मालिकेतलं एकही दृश्य मी पाहिलेलं नव्हतं. तरी सतराही ट्रॅक एका बैठकीत ऐकले.

पहिलाच ट्रॅक ‘टँक!’. ब्रासचा, म्हणजे ट्रम्पेट-ट्रोम्बोनसारख्या पितळी वाद्यांचा, एक दणका, मग डबल बास आणि बाँगो तेवढे चालत राहतात, आणि त्यांच्यावर ब्रास सेक्शन तुटक तुटक फुंकत येतो. वाजवणाऱ्याची कसोटी या तुटक सुरांतच असते. लांब सुरात कुणी जरा मागेपुढे झाला तर झाकलं जातं. इथे सगळे एकदम सुटून एकदम थांबले नाहीत, तर पहिल्या बारमध्येच, म्हणजे तालाच्या पहिल्या खंडातच, उघडे पडतात. हे लोक सपासप कापल्यासारखं वाजवतात. मालिकेच्या सुरुवातीला दीड मिनिटात संपणारा हा पीस अल्बमवर साडेतीन मिनिटांचा आहे, त्यामुळे मासातो होंदा यांचा अल्टो सॅक्सोफोन भरपूर ऐकायला मिळतो. शेवटाकडे तो वर चढतो तेव्हा मी आजही हातातलं काम बाजूला ठेवतो.

‘स्पोकी डोकी’मध्ये माउथ ऑर्गन आहे, संथ, रेंगाळणारा ब्लूज. तो ऐकताना ‘शोले’तला माउथ ऑर्गन आठवतोच. तो भानू गुप्तांनी वाजवला होता. धून सगळ्या देशाला पाठ आहे, पण वाजवणाऱ्याचं नाव आम्हा वादकांखेरीज किती जणांना ठाऊक आहे?

मला सर्वांत आवडतो तो ‘स्पेस लायन’. सात मिनिटांहून मोठा. आधी सॅक्सोफोन बराच वेळ जवळजवळ एकटाच बोलतो, घाई अजिबात नाही. पुढे तालवाद्यं येतात, मग समूहाचे आवाज. ‘ज्युपिटर जॅझ’ या दोन भागांच्या कथेच्या अखेरीला हा पीस वाजतो, आणि त्या कथेतला ग्रेन स्वतः सॅक्सोफोनवादक आहे. हे मला मागाहून मालिका पाहिली तेव्हा समजलं. पण त्याची व्यथा त्या सुरांतून माझ्यापर्यंत आधीच पोचली होती.

दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे यांनी मुलाखतींत सांगितलं आहे की कान्नो न मागितलेलं संगीतही करून आणायच्या, आणि ते ऐकून आपल्याला नवे प्रसंग सुचायचे. आमच्या अनुभवात गाडी बरोबर उलटी चालते. चित्रपटाचं एडिटिंग उरकतं, प्रदर्शनाची तारीख डोक्यावर येते, आणि मग पार्श्वसंगीताच्या सिटिंगा सुरू होतात. तरीही त्या धावपळीत फार सुंदर पीस वाजले गेले आहेत. मी स्वतः काही वाजवले, त्याहून जास्त शेजारी बसून ऐकले. चित्रपट थिएटरातून उतरला की ते पुन्हा कुठे ऐकायचे? अल्बमवर येतात ती गाणी. मालिकांचंही तेच. अशोक पत्कींची शीर्षकगीतं घराघरांत तोंडपाठ आहेत, पण प्रसंगांखाली वाजणारं संगीत वेगळं काढून ऐकायची सोय नाही.

जॅझ हे परक्यांचं, त्याचं कौतुक आम्हाला काय सांगता, असंही कुणी म्हणेल. तर याच मुंबईत चिक चॉकलेटसारखा गोवेकर ट्रम्पेटवादक होऊन गेला, आणि १९५१च्या ‘अलबेला’साठी आपल्या सी. रामचंद्रांनी त्याला सोबत घेतलं. ब्रास या शहराच्या अंगात मुरलेला आहे.

मागणी साधी आहे. मराठी चित्रपटाची वा मालिकेची गाणी प्रसिद्ध करता तसं पार्श्वसंगीतही अल्बम म्हणून प्रसिद्ध करा, आणि प्रत्येक ट्रॅकखाली वादकांची आणि अरेंजरची (वाद्यमेळ रचणाऱ्याची) नावं द्या. रेकॉर्डिंग झालेलंच असतं, वादकांचे पैसेही दिलेले असतात. राहतं ते निवडून नीट लावणं. आणि त्यातून येणाऱ्या मानधनात वादकांचा वाटा ठरवून द्या, कारण आमच्यातले पुष्कळजण म्हातारपणी हातावर पोट घेऊन जगतात.

जुन्यांपैकी कुणाचे मास्टर टेप शाबूत असतील, तर सुरुवात भास्कर चंदावरकरांनी संगीत दिलेल्या ‘सामना’ चित्रपटापासून करावी. मी पहिल्याच दिवशी विकत घेईन.

— एक निवृत्त ट्रम्पेटवादक, परळ, मुंबई